हाजी मोहम्मद मोहसीन आणि फीमाफीचा अर्ज

दरवर्षी जून महिना उजाडला की आमच्या शाळेच्या कचेरीपुढे पालकांची रांग लागते. फी भरणारे पालक रांगेत उभे राहतात, पावती घेतात आणि घरी जातात. काही पालक मात्र रांगेकडे फिरकतच नाहीत. ते व्हरांड्यात रेंगाळतात, फळ्यावरच्या सूचना पुन:पुन्हा वाचतात, शिपायाशी पावसापाण्याच्या गोष्टी करतात. गर्दी ओसरली की एखाद्या शिक्षकाला बाजूला घेतात आणि आवाज खाली आणून विचारतात, की फीचे काही होऊ शकेल काय? आम्ही संस्थेच्या साहाय्य निधीचा छापील अर्ज त्यांच्या हाती देतो. त्यांपैकी काही अर्ज भरून येतात. काही कोरेच परत येतात.

असा एक कोरा अर्ज माझ्या मनातून जात नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या प्राथमिक शाळेतून एक मुलगा सातवी उत्तम गुणांनी पास झाला. ती शाळा सातवीपर्यंतच. पुढच्या शिक्षणाला जवळची शाळा म्हणजे आमची, आणि ती विनाअनुदानित, म्हणजे फी भरणे आलेच. वडील हातगाडीवर फळे विकून घर चालवीत. त्यांनी अर्ज नेला आणि आठ दिवसांनी तसाच आणून माझ्या टेबलावर ठेवला. आजवर कुणापुढे हात पसरला नाही, आता या वयात तो कशाला पसरू, असे त्यांचे म्हणणे होते. तेवढ्यात तासाची घंटा झाली. मी अर्ज खणात टाकला आणि वर्गावर गेलो. तो मुलगा आमच्या शाळेत आला नाही. पुढे कळले, की तो मामाच्या दुकानात बसू लागला.

त्या गृहस्थांना त्या दिवशी मी काय सांगायला हवे होते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला बंगालमधल्या एका थोर दानशूर पुरुषाचे चरित्र पुन्हा वाचावेसे वाटले. हाजी मोहम्मद मोहसीन हे नाव बंगालमध्ये आणि आजच्या बांगला देशात शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. आपल्या महाराष्ट्रात ते तितकेसे परिचित नाही. म्हणून हे चरित्र थोडक्यात आपणांपुढे ठेवीत आहे. ते ऐकताना एक गोष्ट मनात असू द्यावी. हे दान देणाऱ्याचे चरित्र आहे खरे, पण त्याचा उत्तरार्ध मागणाऱ्यांचा आहे.

घर आणि बालपण

मोहम्मद मोहसीन यांचा जन्म १७३२ साली हुगळी येथे झाला. कलकत्त्याच्या उत्तरेस, गंगेच्या हुगळी नावाच्याच फाट्यावर वसलेले हे जुने व्यापारी बंदर. पोर्तुगीज, डच, इंग्रज, फ्रेंच अशा सर्व गोऱ्या व्यापाऱ्यांच्या वखारी या नदीकाठी होत्या आणि इराणकडून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांची घराणीही येथे नांदत होती. मोहसीन यांचे घराणे त्यांपैकीच एक. वडिलांचे नाव हाजी फैजुल्ला, आईचे झैनब.

झैनबबीबींचा हा दुसरा विवाह. त्यांचे पहिले पती आगा मोतहर हे मोठे जमीनदार होते. जेसोर भागात त्यांची विस्तीर्ण मिळकत होती. त्यांना एकच अपत्य, मन्नुजान नावाची मुलगी. आगा मोतहर यांच्याविषयी अशी आख्यायिका सांगतात, की त्यांनी लहानग्या मन्नुजानच्या गळ्यात सोन्याचा एक ताईत बांधला आणि आपल्या मृत्यूनंतरच तो उघडावा अशी ताकीद दिली. त्यांच्या पश्चात ताईत उघडला, तेव्हा आतून त्यांचे मृत्युपत्र निघाले. सारी मिळकत मुलीच्या नावे होती. ताईताची गोष्ट खरी असो वा नसो, मिळकत मन्नुजानकडे आली हे खरे. त्यानंतर झैनबबीबींनी हाजी फैजुल्लांशी लग्न केले आणि मोहसीन यांचा जन्म झाला.

म्हणजे एका आईची दोन मुले. बहीण थोरली आणि श्रीमंत, भाऊ धाकटा. दुसऱ्या एखाद्या घरात येथूनच भांडणाला सुरुवात झाली असती. या घरात मात्र उलटेच घडले. मन्नुजानने भावाला अंगाखांद्यावर खेळविले आणि दोघे एकाच शिक्षकापाशी शिकले. आगा शिराझी नावाचे ते विद्वान इराणचे होते. पुष्कळ मुलूख पाहून ते हुगळीला येऊन राहिले होते. अरबी-फारसीचा धडा संपला की ते परदेशच्या प्रवासाच्या गोष्टी सांगत. शिक्षकांनी धड्याबाहेरचे जे सांगितले तेच मुलांच्या लक्षात राहते, हा आम्हा शिक्षकांचा नेहमीचा अनुभव. मोहसीन यांच्या मनात जग पाहण्याची ओढ निर्माण झाली ती येथेच. पुढे मुर्शिदाबादला जाऊन त्यांनी आपले शिक्षण पुरे केले.

प्रवास आणि परतणे

बहिणीचे लग्न झाले. मिर्झा सलाहुद्दीन हे तिचे पती. ते हुगळीच्या फौजदारीत अधिकारी होते. बहीण सुखात आहे असे पाहून मोहसीन प्रवासाला बाहेर पडले. हिंदुस्थानातील शहरे पाहून ते पुढे इराण, इराक, अरबस्तान या देशांत गेले. मक्का-मदिनेची यात्रा झाली आणि नावामागे हाजी ही पदवी लागली. हा प्रवास महिन्या-दोन महिन्यांचा नव्हता. त्यात आयुष्याची कितीतरी वर्षे गेली. तारुण्यात घर सोडलेला मनुष्य परतला तेव्हा म्हातारपण जवळ आले होते.

इकडे सलाहुद्दीन निवर्तले होते. मन्नुजान विधवा झाल्या होत्या, मूलबाळ नव्हते. एवढी मोठी जमीनदारी त्या एकट्या सांभाळीत होत्या आणि चांगली सांभाळीत होत्या. १८०३ साली त्या वारल्या. जाण्यापूर्वी त्यांनी आपली सर्व मिळकत धाकट्या भावाच्या नावे केली.

सत्तरी ओलांडलेले हाजी मोहसीन अशा रीतीने बंगालमधल्या धनवान माणसांपैकी एक झाले. त्यांनी लग्न केले नव्हते. राहणी फकिरासारखी. हस्ताक्षर मोत्यासारखे असल्याने ते स्वत:च्या हाताने कुराणाच्या प्रती लिहीत आणि त्या कामातून जे काही मिळे ते गरिबांना देत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. हुगळीत आणखी एक गोष्ट सांगत. एका रात्री त्यांच्या घरात चोर शिरला. हाजी साहेबांनी त्याला पकडले आणि चोरीचे कारण विचारले. घरात उपासमार आहे असे समजल्यावर पैसे देऊन त्याला सोडून दिले. अशा कथा थोरांच्या नावाभोवती जमतच असतात, तेव्हा त्यांत किती खरे आणि किती रचलेले याची उठाठेव आपण करू नये. पण लोकांनी कोणाविषयी कोणत्या कथा रचाव्यात यालाही काही अर्थ असतो.

वक्फनामा

आता या चरित्रातील मुख्य प्रसंगाकडे वळू. वारस नसलेल्या वृद्ध माणसाने एवढ्या मिळकतीचे करावे काय? १८०६ साली हाजी मोहसीन यांनी तौलियतनामा लिहून सारी मिळकत वक्फ केली.

वक्फ म्हणजे काय हे आपणांपैकी बहुतेकांना माहीत आहे, तरी विद्यार्थी मित्रांसाठी सांगतो. वक्फ केलेली मिळकत त्या क्षणापासून देणाऱ्याची राहत नाही. ती अल्लाहच्या नावे होते. ती विकता येत नाही, वारसाहक्काने वाटता येत नाही. तिचे उत्पन्न तेवढे ठरवून दिलेल्या कामी लावायचे. मुतवल्ली हा तिचा कारभारी, मालक नव्हे.

हाजी साहेबांनी उत्पन्नाचे नऊ भाग पाडले. तीन भाग धार्मिक कार्यासाठी म्हणजे फातिहा, मोहरम, इमामबाड्याची आणि कबरस्तानाची देखभाल यांसाठी. दोन भाग दोन मुतवल्लींना, प्रत्येकी एक, त्यांच्या श्रमाचा मोबदला म्हणून. उरलेले चार भाग, म्हणजे जवळजवळ निम्मे उत्पन्न, पगार, निर्वाहवेतने आणि दानधर्म यांसाठी. रजब अली खान आणि शाकिर अली खान या आपल्या विश्वासातल्या दोघांना त्यांनी मुतवल्ली नेमले.

येथे एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. या दस्तऐवजात शाळा हा शब्द मुख्य म्हणून कोठे येत नाही. शिक्षणासाठी अमुक रक्कम असे हाजी साहेबांनी लिहून ठेवले नव्हते. गरजूंसाठी म्हणून त्यांनी दार उघडे ठेवले. त्या दारातून पुढच्या पिढ्यांतले कोणते गरजू आत येतील हे त्यांनी काळावर सोडले.

१८१२ साली हाजी मोहसीन पैगंबरवासी झाले. हुगळीलाच, बहिणीच्या शेजारी त्यांचे दफन झाले.

साठ वर्षांची वाट

वाचकहो, एखादे नेहमीचे चरित्र येथे संपले असते. दानशूराने दान केले, लोकांनी दुवा दिला, संपले. पण दिलेला पैसा गरजूच्या हाती पोचेपर्यंत दान पुरे होत नाही, आणि या पैशाला पोचायला किती काळ लागला ते आता पाहा.

मुतवल्लींच्या कारभारात लवकरच घोटाळे सुरू झाले. ज्यांनी अमानत सांभाळायची त्यांच्याविरुद्धच तक्रारी होऊ लागल्या. १८१० च्या एका कायद्याने अशा धर्मादाय मिळकतींवर देखरेख ठेवण्याचा अधिकार कंपनी सरकारला मिळाला होता. त्याचा आधार घेऊन सरकारने हात घातला आणि मुतवल्लींना दूर केले. लगेच दावे सुरू झाले. खालच्या कोर्टातून वरच्या कोर्टात असे करीत प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १८३५ साली त्याचा शेवट झाला. तोपर्यंत जमिनीचे उत्पन्न साचत गेले होते आणि लाखो रुपयांची शिल्लक उभी राहिली होती.

या शिलकीतून सरकारने एक महाविद्यालय काढले. १ ऑगस्ट १८३६ रोजी हुगळीजवळ चिनसुरा येथे ते सुरू झाले. तेच हुगळी कॉलेज. पुढे त्याला हाजी साहेबांचे नाव देण्यात आले आणि आज ते हुगळी मोहसीन कॉलेज म्हणून चालू आहे. ज्या नदीकाठच्या वाड्यात त्याने मुक्काम केला तो पेराँ नावाच्या फ्रेंच सेनापतीने बांधलेला होता. हा पेराँ म्हणजे आपल्या दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजेचा सरदार. शिंद्यांची चाकरी सोडल्यावर तो काही काळ बंगालमध्ये राहिला होता. मराठी दौलतीच्या सेनापतीच्या वाड्यात, एका इराणी घराण्यातील मुसलमानाच्या पैशावर, सर्व जातिधर्मांच्या बंगाली मुलांचे कॉलेज भरू लागले. इतिहास असे योग जुळवून आणतो.

कॉलेजला मुलांचा तोटा पडला नाही. पहिल्या तीन दिवसांतच इंग्रजी शाखेत बाराशे आणि अरबी-फारसी शाखेत तीनशे नावे दाखल झाली. नदीपलीकडच्या नैहाटी भागातून येणाऱ्या बंकिमचंद्र चट्टोपाध्यायांनी १८४९ ते १८५६ या काळात येथेच शिक्षण घेतले. कलकत्ता विद्यापीठाचे पहिले दोन पदवीधर १८५८ साली झाले, त्यांत ते एक होते. हाजी साहेबांच्या पैशाने इतरांची मुले शिकली याचे दु:ख मानण्याचे कारण नाही. ज्ञानाच्या पाणपोईवर कोणी जात विचारू नये.

पण प्रश्न वेगळा होता. इंग्रजी शाखेच्या वर्गांतून मुसलमान मुले अगदी थोडी होती. ज्या समाजातल्या गरिबांना समोर ठेवून ही मिळकत वक्फ झाली, त्या समाजाचीच मुले बाहेर राहिली. याची कारणे अनेक होती. १८३७ साली फारसी ही कचेरीची भाषा राहिली नाही आणि फारसी शिकलेली घराणी एका रात्रीत अडाणी ठरली. इंग्रजी शिक्षणाविषयी मनात अढी होती. मुसलमान वस्ती मोठ्या प्रमाणात पूर्व बंगालच्या खेड्यांत आणि कॉलेज दूर हुगळीला. आणि या सर्वांवर गरिबी. फी, पुस्तके, परगावी राहण्याचा खर्च हे शेतकऱ्याच्या घराला झेपणारे नव्हते. हाजी साहेबांचा पैसा तेथेच होता, मुलेही होती. मधला पूल तेवढा नव्हता.

समाजाचा अर्ज

हा पूल बांधण्यासाठी कोणी तरी मागायला उभे राहावे लागते. ते काम नवाब अब्दुल लतीफ यांनी अंगावर घेतले. १८२८ साली फरीदपूर जिल्ह्यात जन्मलेले आणि कलकत्ता मदरशात शिकलेले हे गृहस्थ सरकारी नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. १८६३ साली त्यांनी कलकत्त्यात मोहमेडन लिटररी सोसायटी स्थापन केली. मुसलमानांनी इंग्रजी शिकावे म्हणून त्यांनी आपल्या लोकांची समजूत घातली आणि मोहसीन निधीचा उपयोग मुसलमान विद्यार्थ्यांसाठी व्हावा म्हणून सरकारचे दार ठोठावले. हुगळीच्या मदरशासंबंधी त्यांनी टिपण लिहिले, सभांतून निबंध वाचले, मुसलमानांच्या शिक्षणाची दुर्दशा पुन:पुन्हा मांडली. १८७१ साली विल्यम हंटर या इंग्रज अधिकाऱ्याने हिंदी मुसलमानांवर लिहिलेल्या आपल्या पुस्तकात या निधीच्या वापरावर सरकारलाच दोष दिला, त्याने या मागणीला आणखी जोर आला.

वाचकहो, अब्दुल लतीफ यांनी केले ते काय होते? तो अर्जच होता. कागद मोठा होता आणि सही करणारा एकटा असला तरी मागणी हजारो घरांच्या वतीने होती. स्वत: नोकरीत सुखाने असलेल्या माणसाला या याचनेत कमीपणा वाटला नाही, कारण आपण भीक मागत नसून अमानत योग्य जागी पोचवा असे सांगत आहोत, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

१८७३ साली सरकारने निर्णय घेतला. हुगळी कॉलेजचा खर्च यापुढे सरकारी तिजोरीतून व्हावा आणि मोहसीन निधी मुसलमानांच्या शिक्षणाकडे लावावा. त्यातून ढाका, चितगाव आणि राजशाही येथे मदरसे सुरू झाले. १८७४ साली उघडलेल्या ढाक्याच्या मदरशावर उबैदुल्ला अल उबैदी सुहरावर्दी या विद्वान शिक्षकांची नेमणूक झाली. सरकारी शाळा-कॉलेजांत शिकणाऱ्या मुसलमान विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या ठेवण्यात आल्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अशा विद्यार्थ्यांच्या फीचा दोन तृतीयांश भाग या निधीतून भरण्याची व्यवस्था झाली.

योगायोग पाहा. याच १८७४ साली आपल्या मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-इ-इस्लाम स्थापन केली. देशाच्या दोन टोकांना एकाच वेळी समाज शिक्षणासाठी जागा होत होता.

एक तृतीयांशाचे मोल

त्या दोन तृतीयांशाकडे जरा बारकाईने पाहू या. रुपयातले दहा-अकरा आणे निधीने द्यायचे आणि पाच-सहा आणे मुलाच्या घरून यायचे. सर्वच माफ का नाही केले, असे आपल्या मनात येईल. सरकारच्या मनात कदाचित केवळ हिशेब असेल. पण शिक्षक या नात्याने मला त्यात एक मोठा अर्थ दिसतो. बापाने घामाचे पाच आणे घातले की मुलगा त्याच्याच पैशाने शिकतो आहे असे त्याला म्हणता येते. निधी त्याच्या खांद्याला खांदा लावतो, त्याला खांद्यावर घेत नाही.

मोहसीन निधीच्या छायेत वाढलेल्या एका विद्यार्थ्याचे नाव घेतल्याविना हे चरित्र पुरे होणार नाही. १८४९ साली जन्मलेले सय्यद अमीर अली लहानपणीच वडिलांना मुकले. ते शिकले हुगळीलाच, मोहसीन निधीवर चालणाऱ्या संस्थांत. इमामबाड्याचे मुतवल्ली सय्यद करामत अली यांचा विद्वान सहवास त्यांना लाभला. १८६८ साली ते एम. ए. झाले आणि सरकारी शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडला गेले. बॅरिस्टर होऊन परतले, १८९० साली कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १९०९ साली त्यांना प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर घेण्यात आले. तेथे बसणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. ज्या प्रिव्ही कौन्सिलपुढे एके काळी मोहसीन यांच्या मिळकतीचा दावा लढला गेला, त्याच आसनावर मोहसीन निधीच्या कॉलेजात शिकलेला मुलगा न्याय देण्यासाठी बसला!

अमीर अली यांनी पुढे पुष्कळ वर्षे हुगळी इमामबाड्याच्या समितीचे काम पाहिले. घेतलेल्या मदतीची परतफेड कशी करावी याचा हा उत्तम धडा आहे. ज्याने दिले तो तर कधीच मातीआड झालेला. त्याला परत काय देणार? परतफेड करायची ती मागून येणाऱ्याला.

आपल्या दारातला अर्ज

आता पुन्हा आपल्या कचेरीपुढच्या व्हरांड्यात येऊ. या चरित्रातून आपण काय घ्यावे?

पालक बंधुभगिनींनो, संस्थेच्या निधीतील पैसा कोणा एका शेटजींचा नाही. तो ज्याने दिला त्याने हात काढून घेतला आहे. जकातीचा असो, वक्फचा असो वा देणगीचा, तो आता गरजूची अमानत आहे. अर्ज करणे म्हणजे कोणाच्या उपकाराखाली जाणे नव्हे. उलट, गरज असूनही अर्ज न केल्यास हा पैसा पेटीत पडून राहतो, आणि पडून राहिलेल्या पैशाचे काय होते ते मोहसीन निधीच्या साठ वर्षांनी दाखवून दिले आहे.

अर्ज करताना थोडी काळजी मात्र घ्यावी. उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, मागील इयत्तेचे गुणपत्रक हे कागद मुदतीच्या आत जमवून ठेवावेत. तहसील कचेरीत दाखल्याला वेळ लागतो, तेव्हा निकालाची वाट न पाहता आधीच सुरुवात करावी. माहिती खरी भरावी. कमी उत्पन्न दाखवून घेतलेली मदत म्हणजे दुसऱ्या एखाद्या मुलाच्या पाटीवरून पुसलेले अक्षर होय. जेवढे झेपेल तेवढे स्वत: भरण्याची तयारी अर्जात लिहावी, मग ते महिन्याला थोडेच का असेना. घरात आजारपण, मृत्यू, कर्ज असे काही असल्यास तेही संकोच न करता लिहावे. समितीला मनातले वाचता येत नाही, कागदावरचेच वाचता येते. शासनाच्या शिष्यवृत्तीला मूल पात्र असेल तर तिचाही अर्ज सोबत करावा.

आणि आम्ही शिक्षकांनी, संस्थाचालकांनीही काही लक्षात ठेवावे. ज्याला मदत मिळाली त्याचे नाव फळ्यावर लागू नये. बक्षीस समारंभात त्याला उभे करू नये. हिशेब मात्र दरवर्षी सर्वांपुढे मांडावा. मोहसीन यांची मिळकत पहिल्यांदा बुडू लागली ती मागणाऱ्यांमुळे नव्हे, सांभाळणाऱ्यांमुळे.

फळविक्रेत्या त्या गृहस्थांना हे सारे मी चार वर्षांपूर्वी सांगितले नाही. घंटा झाली आणि मी निघून गेलो, ही माझी चूक. यंदा त्यांचा धाकटा मुलगा त्याच प्राथमिक शाळेतून सातवी पास झाला. या वेळी ते येण्याची वाट न पाहता एका संध्याकाळी मी स्वत: अर्ज घेऊन त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. मी हाजी साहेबांची हकीकत सांगितली. ताईताची गोष्ट त्यांना आवडली, पण ते विचारात पडले ते दोन तृतीयांशापाशी. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, की आपल्यालाही तिसरा हिस्सा भरून अर्ज करता येईल काय? मी म्हणालो, येईल.

अर्ज थोरल्या मुलाने भरला. तो दुकानातून नुकताच घरी आला होता. त्याचे अक्षर अजूनही सुरेख आहे. वडिलांनी खाली सही केली, आणि मी पिशवीतून दुसरा कागद काढून थोरल्याच्या पुढे ठेवला. तो होता दहावीच्या परीक्षेला बाहेरून बसण्याचा, सतरा नंबरचा फॉर्म. आधी त्याने वडिलांकडे पाहिले, मग फॉर्मकडे. त्याची फीही निधीतून मिळते काय, असे त्याने हळू आवाजात विचारले.

त्यासाठीही अर्ज करता येतो, असे मी त्याला सांगितले आणि पेन त्याच्याच हातात राहू दिले.